घाटातला पोलीस कुणाला बांधील?

पावसाळ्यात शनिवार-रविवारी कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर जुन्नर तालुक्यातलं मढ ओलांडून माळशेजकडे निघालेल्या गाड्यांची रीघ लागते. धबधब्याखाली भिजायला कुटुंबं येतात, तशी दारू ढोसून रस्त्यातच नाचणारी टोळकीही येतात. बंदोबस्ताला ओतूर ठाण्याचे मोजके कर्मचारी उभे असतात. घाट उतरला की ठाणे ग्रामीण पोलिसांच्या टोकावड्याची हद्द लागते. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जुन्नर-आंबेगावसह जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले. आदेश पुण्यात निघाला. तो पाळायला लावण्याचं काम घाटात भिजत उभ्या असलेल्या शिपायाच्या गळ्यात पडलं.

या आदेशामागचा हेतू योग्यच होता. माणसं वाहून गेल्यावर हळहळण्यापेक्षा आधी अडवलेलं बरं. पण पावसाळ्याचे दोन-अडीच महिने कणीस, चहा, भजी विकून ज्यांची चूल पेटते, त्यांना सरसकट बंदी परवडत नाही. शिवाय दंगा करणाऱ्याला आणि लेकरांना घेऊन आलेल्या बापाला एकाच काठीनं हाकणं हा न्याय नव्हे. म्हणजे कुणाला थांबवायचं, कुणाला समज देऊन सोडायचं, हा निर्णय अखेर त्या शिपायाचाच. आणि अडवलेल्या गाडीतून कुणा वजनदार माणसाला फोन लागला, की तो निर्णयही त्याच्या हातात उरत नाही.

याहून अवघड कसोटी बिबट्याच्या प्रश्नानं आणली. जुन्नर वन विभागातच येणाऱ्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं आणि एक वृद्धा यांचे जीव गेले. लोकांचा संताप अनावर झाला. वनखात्याची गाडी पेटवली गेली, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग तासन्‌तास रोखला गेला. बिबट्या पोलिसांनी सोडला नव्हता. तरीही जमावासमोर उभं राहण्याची वेळ त्यांच्यावरच येते. दुसऱ्या खात्याचं अपयश पोलिसांच्या अंगावर कोसळण्याचं हे काही पहिलंच उदाहरण नाही. रस्त्यात अडकलेल्या प्रवाशांचा हक्क खरा होता, आणि पोर गमावलेल्या गावाचा आक्रोशही खरा होता. अशा वेळी लाठी आवरून बोलणी करणाऱ्या अधिकाऱ्याला मी दुबळा म्हणणार नाही. जाळपोळीचा तपास झालाच पाहिजे, पण तो ज्यानं काडी लावली त्याचा. अख्ख्या गावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून नव्हे.

पोलिसांना मोकळा हात द्या, असं म्हणणाऱ्यांनी सांगली विसरू नये. नोव्हेंबर 2017 मध्ये तिथं कोठडीतल्या एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला. आरोपी पोलीसच निघाले. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला, तो अशाच प्रकारांमुळे. महादेव कोळ्यांच्या या डोंगरपट्ट्यात तर सरकारी शिपायाकडे संशयानं पाहण्याला इतिहास आहे. बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी 1848 मध्ये ठाण्याला फाशी दिलं, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक असतं.

दुसरी बाजूही तितकीच जड आहे. बारा-बारा तास उभं राहायचं, सण बंदोबस्तात घालवायचे, आणि तक्रार करायला संघटनाही नाही. 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांचं आंदोलन पेटलं, तेव्हा लष्कर बोलवावं लागलं आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. ज्याचं गाऱ्हाणं वर कुणी ऐकत नाही, त्यानं खालच्या माणसाचं शांतपणे ऐकावं, ही अपेक्षा रास्त असली तरी सोपी नाही. तक्रारींच्या धाकानं पोलीस हातच आखडतील, हा आक्षेपही खोटा नाही. जबाबदारी टाळायची तर काहीच न करणं सर्वांत सोयीचं असतं.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा 22 सप्टेंबर 2006 चा प्रकाश सिंह खटल्यातला निकाल मला मोलाचा वाटतो. त्यानं एकीकडे अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ देऊन राजकीय बदल्यांपासून आडोसा दिला, आणि दुसरीकडे पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण सांगितलं. एकाशिवाय दुसरं लंगडं. आपल्या राज्यानं 2014 मध्ये कायदा बदलला, पण न्यायालयानं जिल्ह्याला सांगितलेलं प्राधिकरण महसुली विभागाच्या पातळीवर नेऊन ठेवलं. मढच्या शेतमजुरानं ठाणेदाराविरुद्ध दाद मागायची, तर एसटी बदलत, दिवसाची मजुरी बुडवत पुणं गाठायचं. असा हक्क कागदावरच राहतो.

गावपातळीवर पोलीसपाटील हा दुवा अजून जिवंत आहे. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानं त्याला अधिकार दिले, 2024 मध्ये मानधन पंधरा हजार झालं. त्याला ठाण्याचा निरोप्या न मानता गावाचं म्हणणं ठाण्यात नेणारा माणूस मानलं, तर घाटातली निम्मी भांडणं काठीपर्यंत जाणार नाहीत.

जुन्नर आणि आंबेगावच्या ग्रामसभांनी यासाठी ठराव करावेत. तक्रार प्राधिकरणाची सुनावणी ठरावीक दिवशी जुन्नर आणि घोडेगावला व्हावी, आणि गाडी सोडा, गुन्हा नोंदवू नका असा फोन आला की तो कुणाचा होता याची नोंद स्टेशन डायरीत व्हावी. पहिली मागणी नागरिकाच्या बाजूची आहे, दुसरी शिपायाच्या. दोन्ही एकाच ठरावात घाला आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून त्यावर लेखी उत्तर घ्या.