टेकडीवरील पहिले बिनतारी केंद्र

हौशी बिनतारी संदेशवहन करणाऱ्यास, ज्याला जगभर 'हॅम' म्हणतात त्याला, केव्हा ना केव्हा डोंगरमाथ्याची ओढ लागतेच. या ओढीला पदार्थविज्ञानाचा आधार आहे. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, सुमारे २ मीटर लांबीच्या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. पृथ्वीची वक्रता हीच त्यांची मर्यादा. एरियलच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमूळास ४.१२ ने गुणले असता बिनतारी क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. सपाटीवर दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाचे क्षितिज जेमतेम ५ किलोमीटर असते. सपाटीपासून १०० मीटर उंच टेकडीवर तेच ४१ किलोमीटर होते. प्रेषणाची शक्ती वाढवून जे साधत नाही, ते पायांच्या श्रमाने साधते.

परंतु पहिली स्वारी कोठे करावी? जबलपूरच्या तरुणास पचमढीचा धूपगड खुणावतो. सुमारे १,३५० मीटर उंचीचे ते सातपुड्याचे सर्वोच्च शिखर आहे. तरीही पहिला मान शहरालगतच्या मदनमहालाच्या ग्रॅनाइटी टेकड्यांना देणेच शहाणपणाचे होय. एखादी जोडतार घरी राहिली, तर येथे तासाभराचा खोळंबा होईल. दूरच्या शिखरावर मात्र सारा प्रवास व्यर्थ जाईल.

खरी तयारी घरीच होते. घरातील विजेचा आधार तोडून संपूर्ण संच बॅटरीवर चालवून पाहावा. प्रेषणास १.५ अँपिअर आणि श्रवणास ०.३ अँपिअर प्रवाह लागत असेल व पाचवा हिस्सा वेळ प्रेषणात जात असेल, तर तासाला सुमारे ०.५४ अँपिअर-तास खर्च होतात. हा हिशेब कागदावर करावा आणि मग प्रत्यक्ष मोजून पडताळावा. ७ मेगाहर्ट्झच्या अर्धलहरी एरियलला सुमारे २० मीटर तार लागते. खडकाळ माथ्यावर ती ताणण्यास झाड मिळेलच असे नाही. म्हणून काठी, दोरी आणि त्यांची जुळणी अंगणातच ठरवावी. पुरातन वास्तूला तार बांधू नये. जबलपूरचे उन्हाळ्यातील ऊन आणि पावसाळ्यातील विजा ध्यानी घेता हिवाळ्यातील सकाळ उत्तम. दूरवर गडगडाट ऐकू येताच तार उतरवून खाली यावे.

आणखी एक दक्षता या नगरीत विशेष अगत्याची आहे. १९०४ पासूनचा तोफगाड्यांचा कारखाना, छावणी आणि सैन्याच्या संदेशवहन दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे असल्यामुळे टेकडीवर एरियल उभारणारा अनोळखी माणूस सहज संशयास पात्र ठरतो. परवान्याची प्रत जवळ असावी आणि पोलीस ठाण्यास पूर्वसूचना द्यावी. परवान्याविना प्रेषण करणे हा गुन्हाच आहे.

हातोहाती दूरध्वनी असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. उत्तर जबलपूरकरांना दूर शोधावयास नको. २२ मे १९९७ च्या पहाटे याच शहराला भूकंपाने हादरविले होते. अशा वेळी वीज आणि तारायंत्रणा यांचा भरवसा धरता येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये हॅमचा एक चमू छंदापोटीच अंदमानात केंद्र उभारून बसला होता. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच केंद्र बेटांवरील लोकांची खबर बाहेर पोहोचविणारे साधन झाले. त्यांचा संच सज्ज होता आणि तो चालविण्याचा सरावही होता. ज्याने आपला संच घराबाहेर कधी बॅटरीवर चालविलाच नाही, त्याच्या कपाटातील परवाना आपत्तीच्या दिवशी काय कामाचा?

म्हणून पहिल्या स्वारीचे यश गाठलेल्या अंतरावर मोजू नये. २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या 'समिट्स ऑन द एअर' या उपक्रमातही गुण मिळविण्यास चार संपर्क पुरतात. मात्र वाहनात बसून केलेले प्रेषण तेथे चालत नाही. शाळांनी या स्वारीत अवश्य सहभागी व्हावे. प्रेषण परवानाधारकाने करावे. परंतु क्षितिजाचे गणित मांडणे, विद्युत्प्रवाह मोजणे, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळेची नोंद ठेवणे, ही कामे विद्यार्थ्यांची आहेत. आपण काढलेले ४१ किलोमीटरचे उत्तर दूरच्या गावातून आलेल्या आवाजाने खरे ठरते, हा अनुभव फळ्यावरील सूत्राला जिवंत करील.