फुली हलली की आकडा खोटा



मृग जवळ आला. राणीसावरगावच्या शिवारात सध्या जिकडं बघावं तिकडं जेसीबी चालू आहेत. कुणाचे बांध, कुणाचे चर, कुणाचं शेततळं. आपलं रान बालाघाटाच्या कडेचं. वर मुरमाड माळ, खाली थोडी काळी. पाणी उतरतं ते पळतच उतरतं. म्हणून बांधाची लेव्हल हा आपल्यासाठी पोटाचा विषय आहे. आज त्यातल्या एका बारीक गोष्टीवर लिहितो. बारीक म्हणजे किती, तर एका सेंटीमीटरची.

आधी माझी चूक सांगतो, मग दुसऱ्याला शहाणपण सांगायचा हक्क येतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात मी ढाळीचा बांध घातला. लांबी १४० मीटर. डम्पी लेव्हल भाड्यानं आणली. मशीनला डोळा माझा, पट्टी धरायला पुतण्या. बांधाला १०० मीटरला २० सेंटीमीटर उतार द्यायचा ठरलं, म्हणजे पाणी हळू चालत सांडव्याकडं जाईल आणि माती जागेवर राहील. दर १० मीटरला खुंटी ठोकली, फक्की मारली, जेसीबीनं एका दिवसात काम उरकलं. मनात म्हणलं, मशीन लावून केलंय, आता काळजी नाही.

सप्टेंबरात मराठवाड्यात कसा पाऊस झाला ते तुम्हाला सांगायला नको. पाणी सांडव्याकडं गेलंच नाही. बांधाच्या मध्यावर पोट धरून उभं राहिलं, वरून वाहिलं आणि बांध फुटला. माझी काळी माती खालच्या भावकीच्या सोयाबीनवर जाऊन बसली. त्यांचं नुकसान भरून दिलं. पण त्याच्या आधी मी एक वाईट काम केलं. चार माणसांत पुतण्याला बोललो, की तू पट्टी सरळ धरली नाहीस. पोरगं काही बोललं नाही, पण पुढचे सहा महिने माझ्या रानात पाय ठेवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बांध दुरुस्त करायचा म्हणून मृदसंधारणाच्या कामातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या काकांना बोलावलं. त्यांनी मशीन लावलं, पट्टी ६० मीटरवर उभी केली आणि मला म्हणाले, "बघा, काय दिसतंय?" मी आकडा सांगितला, १.४२५. ते म्हणाले, "आता मशीनला हात न लावता डोकं जरासं वर-खाली करा." डोकं हलवलं तर दुर्बिणीतली फुली पट्टीवरून सरकली. १.४२५ चं १.४३५ झालं. मशीन हललं नव्हतं, पट्टी हलली नव्हती. हललं होतं ते माझं मुंडकं.

काका म्हणाले, "याला पॅरॅलॅक्स म्हणतात. गेल्या साली तुम्ही हे काढलं होतं का?" काढायचं काय, मी नावच पहिल्यांदा ऐकलं.

आता हिशोब करा. १०० मीटरला २० सेंटीमीटर म्हणजे १० मीटरला फक्त २ सेंटीमीटर. दोन खुंट्यांत उतारच २ सेंटीमीटरचा आणि त्यात १ सेंटीमीटर डोळ्याचीच चूक. एका खुंटीला वर, दुसऱ्या खुंटीला खाली अशी चूक पडली तर उतार तिथंच संपला, रेषा सपाट झाली. माझ्या बांधाचा सगळा दोष मी या एका सेंटीमीटरवर ढकलत नाही. भरावही नीट दाबला नव्हता. पण पाणी जिथं थांबलं ती जागा आकड्यानं चुकली होती, आणि आकडा मी वाचला होता, पुतण्यानं नाही.

हे होतं कसं, ते घरी अंगणात बघता येतं. एक डोळा झाका. हात लांब करून अंगठा धरा आणि दूरच्या लिंबाच्या बुंध्यावर लावा. आता डोकं डावी-उजवीकडं करा. अंगठा बुंध्यावरून सरकतो. मग लिंबाजवळ जाऊन अंगठा बुंध्यालाच टेकवा आणि डोकं हलवा. आता सरकत नाही. दोन वस्तू एकाच जागी असल्या तर डोळा कुठंही न्या, फरक पडत नाही. मागं-पुढं असल्या की डोळ्याबरोबर आकडा फिरतो.

दुर्बिणीत फुली एका काचेवर कोरलेली असते. पट्टीचं चित्र बरोबर त्या काचेवर पडलं पाहिजे. जरा पुढं किंवा मागं पडलं की झाला घोटाळा. बंदुकीच्या दुर्बिणीतही हेच दुखणं असतं, म्हणून बऱ्याच चांगल्या दुर्बिणींना अंतराप्रमाणे फिरवायचं वेगळं चाक देतात. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलला तर दुर्बीण चालतच नाही. तिथं डोळ्याजवळ बारीक भोकाची चकती असते, आणि त्या भोकामुळं डोळा दर खेपेला एकाच जागी येतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक आणलं ते याच प्रकारात. जगातले नेमबाज डोळा कुठं ठेवायचा याला एवढं जपतात, आणि आपण वर्षाची माती पणाला लावून डोळा कुठंही ठेवतो.

काढायची रीत दोन मिनिटांची आहे.

पहिलं काम, डोळ्याजवळच्या भिंगाचं. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडासमोर चार बोटांवर पांढरा कागद धरा, नाहीतर दुर्बीण मोकळ्या आभाळाकडं करा. सूर्याकडं चुकूनही नको, डोळा जाईल. मग डोळ्याजवळचं भिंग फिरवत राहा. फुली काळीभोर, धारदार दिसली की थांबा.

दुसरं काम, बाजूच्या चाकाचं. दुर्बीण पट्टीवर लावा आणि चाक फिरवून पट्टीचे आकडे स्वच्छ करा.

तिसरं काम, मान हलवून बघायचं. डोकं थोडं वर-खाली करा. फुली पट्टीला चिकटून राहिली तर आकडा लिहा. सरकली तर परत पहिल्यापासून.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पट्टी जवळ-लांब गेली की चाक दर वेळी फिरवावं लागतं. आणि भिंग ज्याच्या त्याच्या डोळ्याचं असतं. भाड्याचं मशीन आपल्या हातात येतं तेव्हा भिंग आधीच्या माणसाच्या डोळ्याला बसवलेलं असतं. मला पन्नाशीत चष्मा लागला. त्या दिवशी काही आकडे मी चष्मा लावून वाचले, काही काढून. म्हणजे एकाच बांधावर दोन माणसांनी मोजल्यासारखं झालं. चष्मा लावायचा तर शेवटपर्यंत लावा. माणूस बदलला तर भिंग परत बसवा.

फुली स्थिर असूनही मशीन खोटं असू शकतं, ते वेगळं दुखणं आहे. त्यासाठी ६० मीटरवर दोन खुंट्या ठोका. मशीन बरोबर मध्ये लावून दोन्हींचे आकडे घ्या, वजाबाकी करा. हा फरक खरा, कारण दोन्हीकडं अंतर सारखं असल्यानं मशीनची चूक कटून जाते. मग मशीन एका खुंटीजवळ नेऊन परत तीच वजाबाकी करा. दोन्ही वजाबाक्या जुळल्या तर मशीन कामाचं. नाही जुळल्या तर दुकानदाराला परत द्या. ते दुरुस्त करणं आपलं काम नाही. पण फुली स्थिर करणं आपलंच काम, दुसरं कुणी करून देणार नाही.

कुणी म्हणेल, आम्ही मशीन लावतच नाही, आमच्याकडं पाण्याची नळी आहे. २०१६ ला पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी वरुड, कोरेगाव आणि आपल्या जवळचं अंबाजोगाई असे तीन तालुके होते. तेव्हापासून हायड्रोमार्कर, म्हणजे दोन पट्ट्या आणि मधी पाण्याची नळी, गावोगावच्या लोकांच्या हाती आला. लय चांगलं अवजार, स्वस्त आणि समजायला सोपं. पण डोळ्याची चूक तिथंही आहे. नळी पट्टीपासून १ सेंटीमीटर सुटलेली असेल आणि तुम्ही वरून तिरकं, ४५ अंशात बघत असाल, तर आकडा १ सेंटीमीटरनं चुकतो. त्यात एका टोकाला उंच माणूस वरून बघतोय आणि दुसऱ्या टोकाला पोरगं खालून बघतंय, तर दोघांच्या चुकांची बेरीज होते. उपाय एवढाच: नळी पट्टीला घट्ट बांधा, गुडघे वाकवा, डोळा पाण्याच्या रेषेत आणा आणि पाण्याच्या खोलगट कडेचा तळ वाचा.

आता माझं मत सांगतो. काहींना पटणार नाही.

पहिलं. "लेव्हल काढली" हा शब्द आपल्याकडं देवाच्या कौलासारखा झालाय. मशीन लावलं म्हणजे बरोबरच असणार, चुकलं तर पट्टीवाला चुकला, नाहीतर जेसीबीवाला. मशीनमधून बघणारा कधीच चुकत नाही. हे खोटं आहे. पट्टी धरणारा बहुतेक वेळा घरातला लहान, नाहीतर रोजानं आलेला माणूस असतो. त्याच्यावर ढकलणं सोपं जातं, एवढंच.

दुसरं. काही जण म्हणतात, आता ऑटो लेव्हल आली, हे सगळं जुनं झालं. ऑटो लेव्हल दुर्बिणीची नजर आपोआप आडवी ठेवते, हे खरं. पण तुमच्या डोळ्याचं भिंग ती बसवत नाही. फुली तिच्यातही हलते. लेझरला डोळा लावावा लागत नाही, तिथं ही अडचण नाही. परवडत असेल त्यानं जरूर वापरावं. बाकीच्यांनी मान हलवून बघावं, त्याला पैसे पडत नाहीत.

तिसरं. कुणी म्हणेल, वाडवडिलांनी कुठं मशीन लावलं होतं? नव्हतं लावलं. पण ते भर पावसात पोतं डोक्यावर घेऊन बांधावर उभे राहायचे, पाणी कुठं थांबतंय ते बघायचे आणि दर साली टोपली-टोपलीनं दुरुस्ती करायचे. आपण १४० मीटर एका दिवसात उरकतो. काम एका दिवसात होतं, तशी चूकही एका दिवसात १४० मीटर लांब होते.

म्हणून कृषी सहायक, जलसंधारणाचे अभियंते आणि विद्यापीठातून शिवारात येणारी पोरं-पोरी, सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. शेतकऱ्याला नुसता आकडा सांगू नका, एकदा दुर्बिणीला डोळा लावू द्या आणि मान हलवायला सांगा. मशीन भाड्यानं देणाऱ्यांनीही दोन मिनिटं काढून हे दाखवावं. आणि आपण शेतकऱ्यांनी एक नेम धरावा: महत्त्वाची खुंटी दोघांनी वाचायची, आपापलं भिंग बसवून. दोन आकडे जुळले तरच फक्की मारायची.

पुतण्याची गोष्ट राहिली. काका गेल्यावर मी त्याच्या घरी गेलो. म्हणलं, बाबा, पट्टी तुझी सरळ होती, माझीच नजर चुकली. चहा झाला. दुसऱ्या दिवशी तो आला. त्या दिवशी मशीनला डोळा त्यानं लावला आणि उन्हात पट्टी मी धरली. तीन पाऊस झाले, बांध उभा आहे. पाणी सांडव्यानं जातंय.

औंदा बांध घालणार असाल तर आकडा लिहायच्या आधी एकदा मान हलवून बघा.

राम राम.