डोहाळजेवणाआधीचे ताट

आपल्याकडे लेकीसुनेच्या खाण्याची खरी विचारपूस सुरू होते ती तिला दिवस गेल्यावर. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, फुलांची वाडी भरली जाते, ‘आता दोन जिवांची आहेस, पोटभर खा’ असे सांगायला आळीतल्या साऱ्या वडीलधाऱ्या बायका हजर असतात. हौस चांगलीच आहे. पण गर्भाच्या जडणघडणीविषयी गेल्या काही दशकांत जे उमगले आहे, त्या हिशेबाने ही विचारपूस फार उशिरा होते.

डीएनएची वर्णमाला चार अक्षरांची. त्यांतल्या सायटोसिन या अक्षरावर कधी कधी मिथाइल नावाची बारीकशी खूण बसते. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स! मजकूर तोच राहतो, पण पोथीची काही पाने टाचणी लावून मिटावीत तसे होते. ती जनुके बहुधा गप्प बसतात. आईबापांकडून आलेल्या या खुणांपैकी बऱ्याचशा गर्भ राहिल्यावर पहिल्या काही दिवसांत पुसल्या जातात आणि नव्याने मांडल्या जातात. तेव्हा त्या बाईला आपल्याला दिवस गेल्याची कल्पनाही नसते. गर्भसंस्कार म्हणायचाच तर हा पहिला. श्लोकांच्या ध्वनिफिती त्यानंतर पुष्कळ महिन्यांनी येतात.

या खुणांचा कच्चा माल अन्नातून येतो, आणि तो पोहोचवायला फोलिक आम्ल व बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. त्या उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावर साठ वर्षांनंतरही खुणा कमी आढळल्या. हे संशोधन २००८ सालचे.

पण हॉलंड कशाला, पुणेच घ्या. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे दिसायला काटकुळी, पण अंगात चरबी तुलनेने जास्त. सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक, म्हणजे पुढच्या मधुमेहाची वाट तयार! यामागे मिथाइलच्या खुणाच आहेत असे ठाम म्हणता येत नाही, पण संशयाची सुई तिकडे वळते.

बी-१२ भाजीपाल्यात नसते. ते दुधात, अंड्यांत, मासळीत असते. तेरेखोल खाडीवरच्या आरोंद्यासारख्या गावात कोणी म्हणेल, आमच्याकडे मासळीला काय तोटा? तिसऱ्यांमध्ये तर बी-१२ भरपूर. खरे आहे, पण खाडीत काय आहे यापेक्षा ताटात काय पडते हे महत्त्वाचे. मधली तुकडी बाप्यांना, मग मुलग्यांना, आणि वाढणारीच्या वाट्याला सार नि भात, हे किती घरांत चालते ते ज्याने त्याने आठवावे. त्यात मुलींचे सोमवार-शनिवार निराळेच.

या शास्त्राचा एक धोकाही आहे. मूल किरकोळ निघाले की ‘आईनेच नीट खाल्ले नाही’ म्हणायला नवे हत्यार मिळेल. तिने खाल्ले नाही की तिला वाढले नाही? शिवाय पुण्याच्या याच कुटुंबांतल्या पुढच्या पिढीवर २०१२ साली जो प्रयोग सुरू झाला, त्यात बी-१२ची गोळी मुलींबरोबर मुलग्यांनाही दिली गेली. मात्रा रोज अवघी २ मायक्रोग्रॅम.

सरकारी योजनेत किशोरींना आठवड्याला एक आणि गरोदर स्त्रियांना रोज एक गोळी मिळते : ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल. ती थांबवू नये. फोलिक आम्लामुळे बाळाच्या कण्यातले व्यंग टळते. पण तीत बी-१२ नाही. ते घालावे, आणि सुरुवात शाळेत मिळणाऱ्या गोळीपासून करावी. तोवर घरातली मधली तुकडी कधीतरी चौदा वर्षांच्या मुलीच्या ताटात पडायला कुठल्या सरकारी आदेशाची गरज नाही.