टायमिंगची चैन

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करावी, असा आपला रिवाज आहे. आता मराठीच्या प्राध्यापकापाशी फाउंटन पेन आणि जुनी मोटारसायकल यांपलीकडे शस्त्र ते कोणते असणार? तेव्हा दर वर्षी आम्ही गाडी धुतो, हँडलला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो आणि चाकाखाली लिंबू ठेवतो. यंदाही सारे यथासांग झाले. मग मी ऐटीत किक मारली, आणि इंजिनातून असा खडखडाट उठला, की पत्र्याच्या डब्यात मूठभर फुटाणे घालून कोणी खुळखुळवीत आहे असे वाटावे.

ही गाडी म्हणजे हिरो होंडाची सीडी १००. ती १९८५ साली बाजारात आली तेव्हा तिची एक जाहिरात घरोघरी पाठ झाली होती. तिचा मराठी अर्थ असा, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. आमच्या अण्णांनी १९९१ साली शिक्षकांच्या पतपेढीचे कर्ज काढून ही गाडी घेतली. अण्णा प्राथमिक शिक्षक. जाहिरातीतल्या पहिल्या दोन आज्ञा त्यांनी पाळल्या. तिसरी मात्र कधीच पाळली नाही. खिशात मावेल अशा एका वहीत ते ‘तेल बदलले’ एवढेच दोन शब्द, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवीत. २०१७ साली अण्णा गेले. गाडी माझ्याकडे आली, वही कपाटात गेली आणि त्या दिवसापासून तिसरी आज्ञा मी अगदी मनोभावे पाळू लागलो.

आमच्या आईची एक सवय होती. गाडी कोपऱ्यावर वळली, की तिचा आवाज ओळखून ती चहाचे आधण ठेवायची. अण्णांनंतर माझ्यासाठीही ठेवायची. अलीकडे मात्र मी दारात उभा राहिलो तरी चूल थंड असे. तिचे वय झाले, ऐकू कमी येत असावे, अशी मी समजूत करून घेतली होती. दसऱ्याच्या दिवशी सहज विचारले, तर म्हणाली, “ऐकू येतं रे मला. पण तो आवाज आपल्या गाडीचा नव्हे.”

मेहुण्यांनी सल्ला दिला, “भंगारात द्या आणि विजेवरची घ्या.” सल्ला शहाणपणाचा होता. पण आईचे ते वाक्य कानातून जाईना. शेवटी एका रविवारी गाडी ढकलत मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवले आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरांचे फुफ्फुस तपासणे याहून वेगळे नसते. “टायमिंग चैन गेली, सर.” चेनला ‘चैन’ म्हणण्याचा आमच्या मिस्त्रीमंडळींचा प्रघात आहे. व्याकरणाच्या दृष्टीने मी तो उच्चार दुरुस्त करणार होतो. पण थोड्या वेळाने माझ्याच लक्षात आले, की शब्द त्यांचाच बरोबर आहे.

वाचकहो, ही साखळी करते काय, ते थोडक्यात सांगतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे होतात. तेवढ्यात खालचा क्रँक दोन फेरे फिरतो. आत घेणारी आणि बाहेर टाकणारी झडप मात्र या अवधीत एकेकदाच उघडायची असते. म्हणून झडपा उघडणारा वरचा कॅम एकच फेरा फिरतो. त्याच्या चक्राला खालच्या चक्राच्या दुप्पट दाते असतात. वरच्याखालच्यांचे हे वेळापत्रक सांभाळते ती ही करंगळीहूनही अरुंद साखळी. क्रँक मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप दोन हजार वेळा उघडते आणि मिटते. तिथे उशीर म्हणजे काय, ते आमच्या महाविद्यालयाच्या घंटेला विचारून कळणार नाही.

मिस्त्रींनी तेल काढले. ते डांबरासारखे काळे होते. मी दुसरीकडे पाहिले. डाव्या बाजूचे झाकण उघडून त्यांनी पुलर लावून मॅग्नेट ओढून काढले, वरच्या चक्राचे बोल्ट सोडवले आणि साखळी बाहेर घेतली. नव्या साखळीशेजारी ती एकाच खिळ्याला टांगली. जुनी थोडी खाली लोंबत होती.

“लोखंड ताणलं का हो?” मी विचारले.

“लोखंड कुठलं ताणतंय, सर? प्रत्येक कडीतली पिन झिजते. एकेक कडी केसाएवढी सैल होते. सगळ्यांची बेरीज ही. वेळेवर तेल मिळालं असतं, तर अजून चालली असती.”

त्यांनी मला बोल लावला नाही. मीच लावून घेतला. एका दिवसाचा विसर केसाएवढाच असतो; खिळ्यावर टांगल्याशिवाय त्याची बेरीज दिसत नाही.

नवी साखळी तारेने वर ओढून घेतली. ताण देणारा झिजलेला रोलरही बदलला. मग खरे काम. मॅग्नेटवर ‘टी’ अक्षराशी एक रेघ असते. ती इंजिनावरच्या खुणेसमोर आणायची, म्हणजे पिस्टन अगदी वर येतो. त्याच वेळी वरच्या चक्रावरचा ‘ओ’ हा गोल हेडवरच्या खाचेसमोर हवा. बोल्ट आवळायचा मान मिस्त्रींनी मला दिला. मी आवळले, खुणा पाहिल्या, समाधान पावलो आणि किकवर पाय ठेवला.

मिस्त्रींनी माझा पाय धरला. “हाताने दोन फेरे फिरवा आधी.”

फिरवले. खालची खूण जुळली. वरचा गोल खाचेपासून जरासा सरकला होता. “जवळजवळ जुळलंय की,” मी म्हणालो.

“एक दाता चुकलाय, सर. यानं गाडी धड ओढायची नाही. आणखी चुकला असता, तर वॉल पिस्टनवर आपटून वाकले असते. इथं जवळजवळ चालत नाही.”

पंचवीस वर्षे उत्तरपत्रिका तपासून ग्रेसचे गुण देण्याची सवय जडलेला माणूस मी. मुकाट्याने बोल्ट सोडवले. दुसऱ्या खेपेला दोन फेऱ्यांनंतरही खुणा जागच्या जागी राहिल्या. मग झाकणे बसली, ताजे तेल पडले. किक मारली. खुळखुळा गेला होता. राहिला तो जुना, एका लयीतला फटफटाट. इतक्या वर्षांत तो आवाज मी विसरलो होतो, हे मला तो ऐकूनच कळले.

घरी आलो. गाडी स्टँडवर लावली. स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटलेला होता आणि आधण उकळत होते. आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. चहात साखर अंमळ जास्त होती. ती अण्णांच्या मापाची होती. मी कप रिकामा केला आणि कपाटातून वही काढली.