आमची पॅसेंजर हीच आमची लोकल



उपनगरी रेल्वे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईची लोकल उभी राहते. खच्चून भरलेले डबे, दाराला लोंबकळणारी माणसे आणि मिनिटामिनिटाचा हिशेब. कोल्हापूरचा माणूस म्हणतो, "आपल्याकडे कुठली आलीय लोकल?" रेल्वेच्या कागदपत्रांत बघितले तर त्याचे बरोबर आहे. आपल्या मार्गाला उपनगरी असा दर्जा नाही. पण गाडी कोण वापरतो, कशासाठी वापरतो, यावरून तिची ओळख ठरवायची असेल तर आपलीही एक लोकल आहे. तिचे नाव कोल्हापूर-मिरज पॅसेंजर!

अंतर सुमारे ४८ किलोमीटर. कोल्हापूर सोडले की गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर आणि मग मिरज जंक्शन. वळिवड्याला उतरणारा गांधीनगरच्या कापडपेठेत कामाला जातो. इचलकरंजीला रेल्वे नाही, म्हणून तिकडच्या यंत्रमागांवर जाणारा हातकणंगलेला उतरून पुढचे वाहन धरतो. रुकडीची बाई भाजीची पाटी घेऊन शहराकडे येते. कॉलेजची मुले येतात, हमाल येतात, दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या भगिनी येतात. मिरजेला तर आजारी माणूस घेऊन जाण्याची रीतच आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन दवाखाना सुरू केला, पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले, आणि या गाडीने तीन पिढ्यांचे रुग्ण तिथवर नेले. ही सगळी माणसे सहलीला निघालेली नसतात. गाडी चुकली की त्यांची त्या दिवसाची हजेरी जाते.

ही रेल्वे आली कशी?

कोल्हापूर संस्थानच्या या रेल्वेचे काम १८८८ साली सुरू झाले. कामाचा शुभारंभ शाहू महाराजांच्या हस्ते झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते आणि कारभार त्यांच्या हाती यायचा होता. १८९१ साली गाडी धावू लागली. १८९४ मध्ये महाराज गादीवर आले आणि या रुळांचे खरे चीज झाले. १८९५ साली त्यांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. कोल्हापूरचा गूळ बैलगाडीतून उतरून रेल्वेच्या वाघिणीत चढला आणि देशभर गेला. पुढे १९०६ साली शाहू मिल उभी राहिली. शिरोळ रोड स्टेशनाजवळ त्यांनी आपल्या वडिलांच्या नावे जयसिंगपूर वसवले. म्हणजे रूळ टाकले आणि काम संपले, असे झाले नाही. रुळांच्या कडेने बाजार, गिरणी आणि गाव उभे करायचे, म्हणजे लोकांना रोजगार मिळेल, हा त्यामागचा विचार होता. आज कोल्हापूर स्टेशनला श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असे नाव आहे ते योग्यच आहे.

याच मार्गावर रुकडी स्टेशनपासून जवळ माणगाव आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः हजर राहिले. आपल्या कितीतरी कुटुंबांसाठी रुकडी हे स्टेशन त्या गावाकडे जाणारी वाट आहे.

वळिवड्याची गोष्ट तर नव्या पिढीला ठाऊकच नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंड देशातून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार लोकांना, त्यात बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झाले. आज तिथल्या दुकानांत आपली पोरे कामाला आहेत.

तिकिटाला जात नसते

आता एक गोष्ट जरा पुढच्या रुळांवरची. मिरजेहून पुण्याकडे जाताना कराडच्या पुढे मसूर नावाचे लहानसे स्टेशन लागते. १९०१ साली बाल भीमराव आपल्या भावाभाच्यांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. रामजीबाबा तेव्हा कोरेगावला रोखपालाची नोकरी करत होते. मुलांना नवे कपडे, नव्या टोप्या. आगगाडीत बसण्याचा आनंद! गाडीत त्यांना कुणी अडवले नाही. हातात तिकीट होते, ते पुरेसे होते. मसूरला उतरल्यावर स्टेशनमास्तरने जात विचारली आणि सारे बदलले. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, अशी तोड निघाली. रात्रभर त्या लेकरांना प्यायला पाणीसुद्धा मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे.

या प्रसंगाकडे रेल्वेच्या बाजूने बघा. फलाटाबाहेर दुप्पट भाडे, फलाटाच्या आत ठरलेले भाडे! रेल्वे म्हणजे समतेचे राज्य होते असे मुळीच नाही, कारण जात विचारणारा स्टेशनमास्तरही रेल्वेचाच होता. पण छापील दराचे तिकीट ही एक मोठी गोष्ट होती. ज्याच्याजवळ पैसे त्याला जागा. आपल्या वाडवडिलांना ज्या गावगाड्याने बाजूला बसवले, त्याच गावातून त्यांना बाहेर काढून गिरणीत, गोदीत, लष्करात आणि शाळा-कॉलेजात पोचवण्याचे काम स्वस्त तिकिटाने केले. म्हणून तिकिटाचा दर हा आपल्यासाठी केवळ चिल्लर पैशांचा प्रश्न नाही.

दहाचे तीस झाले तेव्हा

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा देशभर पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेस किंवा विशेष गाडी असे नाव देऊन एक्सप्रेसचे भाडे लावण्यात आले. किमान भाडे १० रुपयांचे ३० रुपये झाले. डबा तोच, बाकडे तेच, थांबेही तेच. फक्त पाटी बदलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये साधे भाडे पुन्हा लागू झाले.

मी कारकून माणूस, हिशेब मांडतो. महिन्याचे कामाचे दिवस २६, जाऊन-येऊन फेऱ्या ५२. दहा रुपयांप्रमाणे ५२० रुपये होतात. तीस रुपयांप्रमाणे १५६० रुपये होतात. फरक महिन्याला १०४० रुपये. दुकानात मापाई करणाऱ्या पोराच्या किंवा घरकाम करणाऱ्या भगिनीच्या पगारातून हजार रुपये गेले तर काय जाते? मुलाची शिकवणी जाते, म्हातारीचे औषध जाते. काही बायका अशा वेळी सरळ कामच सोडतात, कारण मिळकत आणि खर्च यांचा मेळ बसत नाही. ही वाढ कुठल्या मोर्चाची बातमी झाली नाही. ज्यांचे पैसे गेले त्यांना मोर्चाला जायला रजाही नव्हती.

सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत गाडी सुरू झाली. चांगली गोष्ट आहे, आपल्या शहराला वेगवान गाडी हवीच. पण ती रुकडीला आणि वळिवड्याला थांबत नाही. पाहुण्यासाठी पंचपक्वान्न करताना घरच्या माणसाची भाकरी चुलीवरून उतरवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जपानकडून काय घ्यावे, काय घेऊ नये

उपनगरी रेल्वेचा विषय निघाला की जपानचे उदाहरण दिले जाते. आगगाडी आपल्याकडे आधी आली, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे. जपानात ती १८७२ साली आली. पण वक्तशीरपणात ते पुढे गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोजवळच्या त्सुकुबा एक्सप्रेस या उपनगरी मार्गावर एक गाडी वेळेच्या २० सेकंद आधी सुटली, तर कंपनीने जाहीर माफी मागितली. वीस सेकंद! आपल्याकडे वीस मिनिटांना कुणी उशीर म्हणत नाही.

दुसरी बाजूही ऐकून ठेवा. २५ एप्रिल २००५ रोजी तिथेच, ओसाकाजवळच्या फुकुचियामा मार्गावर, थोडासा उशीर भरून काढण्यासाठी चालकाने वळणावर वेग कमी केला नाही. गाडी रुळांवरून उतरून इमारतीवर आदळली आणि चालकासह १०७ माणसे गेली. उशीर झाला की कंपनी चालकांना अपमानास्पद शिक्षा देते, हे त्यानंतर जगापुढे आले. कामगाराला धाक घालून मिळवलेला वक्तशीरपणा प्रवाशाच्याच जिवावर उठतो, हा धडा आपण कामगार कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावा.

घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. जपानात बहुतेक कंपन्या कामगाराच्या रेल्वे पासाचा खर्च पगाराव्यतिरिक्त देतात. कामावर येणे हा कामाचाच भाग, असे तिथे धरले जाते. आपल्या वसाहतींतल्या कारखानदारांकडे आणि पेठेतल्या मालकांकडे युनियनने ही मागणी का करू नये?

आपल्या मार्गाचे दुखणे

आपली गाडी रखडते याचे मोठे कारण म्हणजे एकेरी मार्ग. समोरून गाडी येणार असेल तर एकीने स्टेशनात थांबायचे, याला क्रॉसिंग म्हणतात. थांबायची पाळी बहुधा पॅसेंजरवर येते. १९७१ च्या सुमारास हा मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, अलीकडे विजेच्या तारा आल्या, पुणे-मिरज दुहेरीकरण हाती घेतले गेले. मिरज-कोल्हापूर हा तुकडा मात्र एकेरीच राहिला. त्यात पंचगंगेचा पूल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात या मार्गावरची वाहतूक बंद ठेवावी लागली. पुढचा पूर येणार हे धरूनच नियोजन हवे.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, तिकीट काढल्याशिवाय बसू नका. दंडाची भीती आहेच, पण त्याहून मोठे कारण आहे. लहान थांबा चालू ठेवायचा की बंद करायचा, हे तिथल्या तिकीटविक्रीवर ठरते. शंभर माणसे चढली आणि तिकिटे दहाच खपली, तर कागदावर तिथे दहाच माणसे राहतात.

दुसरी गोष्ट, रोज जाणाऱ्याने पास काढावा. तीन महिन्यांच्या पासाला मासिक पासाच्या तिप्पट पैसे पडत नाहीत, २.७ पट पडतात. १ जुलै २०२५ पासून रेल्वेने भाडेवाढ केली तेव्हा मासिक पासाचे दर वाढवले नव्हते.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांची. घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. त्यापुढच्या विद्यार्थ्यांना पासात सवलत आहे. सर्वसाधारण विद्यार्थ्यांना ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, हे विसरू नका. शाळा-कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म मागा. "आमच्याकडे नाही" म्हटले तर लेखी मागा. कितीतरी मुली केवळ गाडीभाड्यासाठी बारावीनंतर घरी बसतात आणि मोफत पासाचा फॉर्म टेबलाच्या खणात पडून राहतो, ही शरमेची गोष्ट आहे.

चौथी गोष्ट, तक्रार करा. डब्यात दिवा नाही, पाणी नाही, महिलांच्या डब्यात पुरुष घुसतात, अशा वेळी १३९ या क्रमांकावर फोन करा. गाडी कायमची रखडत असेल, तर स्टेशनमास्तरकडची तक्रारवही मागून तारीख-वेळेसह लिहा आणि त्याची नक्कल मध्य रेल्वेच्या पुणे विभागाच्या व्यवस्थापकांना पाठवा. एकाने लिहिले तर ते गाऱ्हाणे होते, पन्नास पासधारकांनी सह्या केल्या तर तो अर्ज होतो. आपल्या वस्तीतल्या मंडळाने एक रविवार या कामासाठी द्यावा. लिहिता येणाऱ्याने न येणाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा.

मागण्याही साध्याच आहेत. पहिल्या पाळीला पोचेल आणि दुसरी पाळी सुटल्यावर मिळेल अशी गाडी. पॅसेंजरला पॅसेंजरचेच भाडे, पाटी बदलून वाढ नको. मिरज-कोल्हापूर दुहेरी मार्ग. प्रत्येक स्टेशनात बायकांसाठी उघडे आणि स्वच्छ स्वच्छतागृह.

सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ही गाडी कष्टकऱ्याला कामापर्यंत आणि रोग्याला औषधापर्यंत नेत आली आहे. ती राजाने सुरू केली, पण टिकवायची जबाबदारी रोज सकाळी फलाटावर उभे राहणाऱ्यांची आहे. येत्या रविवारी अर्ज लिहायला बसा. पासधारकांनी आपापल्या डब्यातल्या सह्या गोळा कराव्यात. जयभीम!