‘अचानक’ या शब्दाविरुद्ध

लोणारच्या सरोवराविषयी मराठीत काहीही लिहायचे झाले की ‘एके दिवशी अचानक’ हे शब्द हटकून येतात. आकाशातून वज्र कोसळले, बेसॉल्ट फुटला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले; वर्णन संपले. आमचा आक्षेप या ‘अचानक’ला आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही, आणि त्यात आपला वाङ्मयीन आळसही दिसतो.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणारा लघुग्रह उन्हाने तापतो आणि स्वतःभोवती फिरताना ती उष्णता थोड्या उशिराने, आपल्या दुपारच्या बाजूने, बाहेर टाकतो. या उत्सर्जनाचा रेटा नगण्य असतो, परंतु तो थांबत नाही. यालाच यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. गोलेव्हका या लघुग्रहाच्या बाबतीत १९९१ ते २००३ या १२ वर्षांत या रेट्याने पडलेला फरक अवघा १५ किलोमीटर भरला. पण कोट्यवधी वर्षे असेच सरकत एखादी कक्षा सूर्यापासून अडीच खगोलीय एककांवर पोचते. तेथे गुरूच्या एका प्रदक्षिणेत लघुग्रहाच्या तीन होतात. गुरूची ओढ ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा बसते, कक्षा लांबट होत जाते आणि अखेर अंतर्ग्रहांच्या वाटा छेदू लागते. डॅनियल कर्कवुड यांनी १८६६ च्या सुमारास लघुग्रहांच्या पट्ट्यातील ज्या रिकाम्या जागांकडे लक्ष वेधले, त्यांतली एक हीच. लोणारच्या विवराचे वय आर्गॉन-कालमापनाने सुमारे पावणेसहा लाख वर्षे येते. अशा आघाताची पूर्वतयारी त्याहून कितीतरी जुनी असते.

साहित्याच्या अध्यापकांना याच्याशी काय कर्तव्य, असे विचारले जाईल. आम्ही नरखेड तालुक्यात शिकवतो. समोर बसलेली कितीतरी मुले संत्राबागाईतदारांच्या घरची आहेत. बाग एका रात्रीत वाळत नाही, हे त्यांना पाठ्यपुस्तकाआधीच ठाऊक असते. बोअरचे पाणी वर्षानुवर्षे खाली जाते, कर्ज हंगामागून हंगाम चढत राहते. तरीही कथेतला शेतकरी कोसळला, की आपली समीक्षा ‘नियतीचा आघात’ म्हणून मोकळी होते. वज्राला जाब विचारता येत नाही. रेट्याचा हिशेब मात्र मागता येतो. ‘नियती’ म्हटले की तो हिशेबच टळतो, आणि मुले आपल्या घरची गोष्ट याच शब्दांत सांगायला शिकतात.

यापुढे उत्तरपत्रिकेत ‘नियतीचा आघात’ दिसला, तर आम्ही समासात एवढेच विचारणार आहोत : किती वर्षांपासून?