पुंगळी काढलेली फटफटी आणि आपला गाडीतळ



या अंकात खोडव्याच्या खतमात्रेविषयी लिहावयाचे ठरले होते. ते पुढच्या अंकात. आज एका नळीविषयी लिहितो, कारण ती मीच माझ्या गाडीला बसविली होती.

माझी गाडी हिरो एक्सपल्स, २०० सी.सी. हे मॉडेल २०१९ साली बाजारात आले. गाडी उंच, सायलेन्सर वर उचललेला. तेरणाकाठच्या पाणंदीतून, काळ्या चिखलातून फडावर जाणाऱ्याला सोयीची. भाच्याने डोक्यात भरविले की बाहेरचा पाईप बसविला तर गाडी हलकी होते, जोर वाढतो. एका रविवारी दोघांनी बसविला. इंजिनाच्या तोंडाचे नट काढले, ऑक्सिजन सेन्सर जपून सोडविला, नवा पाईप क्लॅम्पने आवळला. सांध्यात नवी रिंग घालावयास हवी होती, आम्ही जुनीच दडपली. आतली पुंगळी भाच्याने काढून खिशात टाकली. मग काय, एक्सलेटर सोडला की फटाके!

वजन घटले, हे खरे. पण मोकळ्या पाईपाचा फायदा झालाच तर इंजिन जोरात फिरताना होतो. आपण चालतो चिखलात, दुसऱ्या गिअरमध्ये, हळू. तिथे गाडी उलट मरगळल्यासारखी वाटू लागली. जुन्या राजदूत-येझदीचे टू-स्ट्रोक इंजिन वेगळे. तिथे पाईपाच्या आकारावर खरोखरच ओढ ठरे, कारण पाईपातून परतणारा दाब बाहेर निसटणारे ताजे पेट्रोल-मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकली. आजच्या फोर-स्ट्रोकला नुसती पुंगळी काढून वाढतो तो आवाज.

त्या आवाजाने गाडीतळावर काय केले, ते सांगतो. पहाटेची वेळ, टायरगाड्यांची रांग लागलेली. मी शेजारून गेलो आणि एक्सलेटर सोडला. बीडकडच्या एका जोडप्याचे बैल बुजले. भरलेली गाडी तिरकी झाली, उजवा बैल जुवासकट गुडघ्यावर आला. पाय मोडला नाही, एवढेच नशीब. पण आठ दिवस तो बैल गाडीला जुंपता आला नाही. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या माणसाला आठ दिवस म्हणजे काय, हे सभासदांना सांगावयास नको. त्या बाईने मला एवढेच विचारले, "सायेब, तुम्ही रोज येता ना फडावर? मग बैल बुजतेत हे तुमाला ठावं नव्हतं?" मला उत्तर देता आले नाही.

दुसरी गोष्ट पाचटाची. पाचट जाळू नका, खोडव्यात कुजवा, असे मीच प्रत्येक सभेत सांगतो. हेक्टरी ८ ते १० टन वाळलेले पाचट रानात पसरलेले असते. त्यातून गाडी नेली की पाती नळी आणि इंजिनाखालच्या पत्र्यामध्ये अडकतात. कंपनीच्या नळीवर उष्णतारोधक पत्रा असतो, माझ्या नव्या नळीवर नव्हता. एकदा उतरून पाहिले तर पाती धुमसत होती. अमेरिकेतल्या सरकारी जंगलांत अशा रानगाड्यांना ठिणगी अडविणारी जाळी सक्तीची आहे. आम्ही होती ती पुंगळीसुद्धा काढून ठेवली!

कायदा तर आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) खाली आवाज व धुराचे नियम मोडणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. पण पोलीस पकडतील म्हणून पाईप काढा, असे मी म्हणत नाही. पकडले नाही तरी बैल बुजतोच.

माझे मत असे की, येत्या हंगामापासून पुंगळी काढलेली गाडी गाडीतळाच्या फाटकातून आत घेऊ नये. सुरुवात आम्हा शेतकी खात्याच्या माणसांपासून आणि चिटबॉयपासून व्हावी. सभासदांच्या मुलांच्या बुलेटगाड्या त्यानंतर. कुणाला शर्यतीच्या मैदानावर हौस भागवायची असेल तर खुशाल भागवावी. संचालक मंडळाकडे तसा लेखी अर्ज मी दिला आहे. काही मंडळी म्हणतील, साहेबांनी आधी स्वतःचे पाहावे. बरोबर आहे.

जुना सायलेन्सर माळ्यावर पोत्यात होता. नवी रिंग आणून तो पुन्हा बसविला. बाहेरचा पाईप विकत घ्यायला एक पोरगा दोनदा येऊन गेला. दिला नाही.